जुन्या होडीला कोणतं मेण टिकतं? खानदेशच्या उन्हात करायची पद्धत

तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवर, चांगदेवच्या बाजूला, मार्च महिन्यात काठावर ओढून ठेवलेल्या एखाद्या जुन्या फायबरच्या होडीवरून तळहात फिरवा. हात पांढरा होतो, शाळेत फळा पुसल्यावर व्हायचा तसा. ही पावडर धुळीसारखी दिसते, पण ती होडीच्या अंगाची असते. उन्हाने जळून सुटलेली.

आमची होडी १४ फुटी आहे, बाहेरून गडद निळी, आतून पांढरी. दुसऱ्या हातातून घेतली तेव्हाच तिला वीसेक वर्षं झाली होती. घेतल्या घेतल्या मी ती साबणाने धुतली, बाजारातलं भारी मेण आणलं आणि दोन दिवस बसून चोळलं. दुकानात सांगितलं होतं, वर्षभर बघायला नको. होळीला होडी आरशासारखी दिसत होती. आखाजी (अक्षय्य तृतीया) आली तेव्हा त्याच निळ्या अंगावर पुन्हा राखेसारखी छटा आली होती आणि पाण्याचा शिंतोडा पडला की तो जिथल्या तिथे पसरून जिरत होता. मेण वाईट नव्हतं. मी ते चुकीच्या अंगावर, चुकीच्या वेळी लावलं होतं. त्यानंतरच्या काही हंगामांत जे हाताला समजलं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आपल्याकडे होडीला खातं ते ऊन

होड्यांच्या देखभालीचं बहुतेक ज्ञान किनाऱ्यावरून येतं, आणि तिथली सगळी चिंता मिठाची. तापीचं पाणी गोडं. आपल्याकडे मीठ नाही, पण भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि काठावरची होडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तापत पडते. गडद रंगाच्या फायबरवर दुपारी हात ठेवून दहा आकडे मोजता येत नाहीत. हवेपेक्षा तो पृष्ठभाग कितीतरी जास्त तापलेला असतो.

आता मेणांकडे बघा. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. पॅराफिन त्याच्या आसपास किंवा त्याहून खाली. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून निघणारं मेण, नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक, ८२ ते ८६ अंशांना वितळतं. डब्यात मात्र निव्वळ कार्नोबा कधीच नसतं. ते इतकं कडक असतं की लावताच येणार नाही, म्हणून त्यात मऊ मेणं, तेलं आणि उडून जाणारे द्रव मिसळलेले असतात. त्यामुळे थंड गावात पाच-सहा महिने टिकणारा तोच डबा आपल्या उन्हात दोन महिन्यांत संपतो. डब्यावर लिहिलेली मुदत दुसऱ्या कुठल्यातरी हवेतली असते, हे मनात धरूनच दुकानात जावं.

जेलकोट ही शिल्लक आहे

फायबरच्या होडीच्या सगळ्यात बाहेर रंगासारखा दिसणारा थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. तो रंग मिसळलेला पॉलिएस्टर राळेचा थर. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण नखाएवढी. अतिनील किरणं या राळेच्या साखळ्या तोडतात, राळ भुगा होऊन सुटते, आतले रंगाचे कण उघडे पडतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं तयार होतात. तीच ती पांढरी पावडर. अशा छिद्राळ अंगावर मेण लावलं की ते कोरड्या मातीत पाणी जिरावं तसं आत जातं. वर थर धरत नाही.

म्हणून मेणाआधी रबिंग करावं लागतं, म्हणजे वरचा मेलेला थर काढावा लागतो. आणि प्रत्येक रबिंगला त्या अर्ध्या मिलिमीटरमधलं थोडं कायमचं जातं. नव्या होडीला याची फिकीर नसते. वीस वर्षांच्या होडीचं किती शिल्लक आहे कुणालाच माहीत नसतं. टिकाऊ मेण किंवा कोटिंग शोधायचं खरं कारण मला हेच वाटतं. चकाकी दोन महिन्यांनी गेली तर डोळ्यांना खटकेल एवढंच, पण दरवर्षी रबिंग करावं लागलं तर होडीच झिजेल.

डबा उघडण्याआधी हात आणि पाणी

आमच्या काठावर एक म्हातारे भोई नाना आहेत, आयुष्य नावेवर गेलेलं. मी तो भारी डबा घेऊन आलो होतो तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “पहिले हात फिरावा, मंग डबा उघाडा.” त्या वेळी मी ऐकलं नाही. आता मी तीन परीक्षा करतो आणि त्यांना मिळून पाऊण तासही लागत नाही.

धुतलेल्या, वाळलेल्या होडीवर काळं सुती फडकं जोर देऊन फिरवा. फडक्यावर काहीच आलं नाही तर नुसत्या पॉलिशने भागेल. पांढरट किंवा होडीच्या रंगाची पावडर आली तर रबिंग लागणार.

मग तोच भाग ओला करा आणि नीट बघा. ओलं असताना मूळ गडद रंग परत दिसला तर आनंदाची गोष्ट आहे, खाली चांगला जेलकोट शिल्लक आहे. ओलं करूनही ठिपके, ढगाळ पट्टे किंवा काचकापडाची वीण दिसली तर तिथला जेलकोट संपला आहे. त्यावर जगातलं कोणतंही मेण चालत नाही, तिथे रंगच लागतो. ज्या बाजूला दुपारचं ऊन येतं ती बाजू आणि वरचा काठ आधी तपासा, आधी तेच जातात.

तिसरी परीक्षा सगळ्यात मोलाची. मागच्या फळीवर, कुणाच्या डोळ्यांत न येणाऱ्या कोपऱ्यात, मास्किंग टेपने एक फूट बाय एक फुटाचा चौकोन आखा. त्यात हाताने रबिंग, मग पॉलिश, मग जे मेण लावायचं आहे ते लावा. दोन आठवडे थांबा. चकाकी तशीच राहिली तर अख्ख्या होडीला हात घाला. पंधरा दिवसांत पावडर परत आली तर समजा की जेलकोट थकला आहे, आणि मेणाचे पैसे रंगासाठी ठेवा.

कधी करायचं

मे महिना सोडा. रबिंगची पेस्ट लावताच वाळते आणि चरे पाडते. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. हतनूरचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा होड्या वर काढलेल्याच असतात, पण हवेत ओल असते आणि कोणतंच कोटिंग नीट धरत नाही.

दिवाळीनंतर काम करण्याचा मोह होतो, हवा छान असते. तरी मुख्य काम मी फेब्रुवारीत करतो. कारण साधं आहे. संरक्षण लागतं मार्च ते जूनमध्ये, मग ताजा थर त्याच्या तोंडावर असावा. दसऱ्याला औजारं आणि गाड्या पुसून पूजतो तेव्हा होडीलाही एक हलका हात देऊन टाकतो. थंडीत सकाळी दव असतं हे विसरू नका. साडेनऊ-दहापर्यंत पृष्ठभाग कोरडा होऊ द्या आणि चारच्या आत काम आवरा. होडी झाडाच्या किंवा शेडच्या सावलीत हवी. सावली नसेल तर ताडपत्री ताणून करा, पण तापलेल्या अंगावर काहीही लावू नका.

धुणं

हे काम घाईने होतं आणि सगळं पुढचं बिघडवतं. आपली काळी माती अतिशय बारीक असते. पुरानंतरचं तापीचं पाणी ती घेऊनच येतं आणि होडीच्या अंगावर तिची पुटं चढतात. कोरड्या फडक्याने ती पुसली की शेकडो बारीक चरे पडतात. आधी भरपूर पाणी मारून माती भिजवून सोडवा, मग हात लावा. या पहिल्या धुण्याला भांड्यांचा साबण चालतो, कारण जुनं मेण आणि तेल काढायचंच असतं. एरवी मात्र तो वापरू नका, तो लावलेलं मेणही ओढून नेतो.

पाणी कोणतं घ्यायचं यावरही लक्ष द्या. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. ते अंगावर वाळलं की क्षाराचे गोल पांढरे डाग राहतात आणि उन्हात ते घट्ट बसतात. मी पिंपात नदीचं पाणी रात्रभर निवळू देतो आणि वरवरचं घेतो. बोअरचंच घ्यावं लागलं तर धुतल्यावर लगेच मऊ कापडाने टिपून घ्या. आधीच बसलेले डाग पाण्यात थोडं व्हिनेगर मिसळून निघतात.

रावेर-यावलकडच्या होड्यांवर आणखी एक डाग असतो, केळीच्या चिकाचा. पानं, खांब, घड वाहून नेले की चीक लागतो, सुरुवातीला पाण्यासारखा दिसतो आणि नंतर तपकिरी-काळा होतो. ताजा असताना धुतला तर जातो. वाळलेल्या डागावर ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य द्रावण लावलं तर बरेचदा फिका पडतो. हे आम्ल विषारी आहे. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, पोरं आणि गुरं लांब ठेवा आणि काम झाल्यावर भरपूर पाण्याने धुवा. ते पाणी नदीत सोडू नका. पाण्याच्या रेषेवरचे पिवळट पट्टेही यानेच जातात.

रबिंग: कमीत कमी, पण पूर्ण

पावडर हलकी असेल तर बारीक पेस्टचं पॉलिश पुरतं. मध्यम असेल तर रबिंग कंपाउंड. फारच जुनाट असेल, हाताला खरखर लागत असेल, तरच वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत चालवायचा पॉलिश पेपर. त्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. तोही १००० नंबरपासून सुरू करा, मग १५००, मग २०००, सतत पाणी सोडत. गरज नसताना ६०० किंवा ८०० ला हात लावू नका. सौम्य उपायाने सुरुवात करा आणि भागलं नाही तरच एक पायरी वर चढा.

हाताने १४ फुटी होडी होते, पण खांदे जातात. गाड्यांच्या पेंटिंगवाल्यांकडे बफिंग मशीन असतं, एक दिवस भाड्याने मिळतं किंवा माणूसच येतो. माणूस आला तर त्याला आधीच सांगा की हा गाडीचा पत्रा नाही. फायबर उष्णता वाहून नेत नाही, एका जागी मशीन थांबलं की जेलकोट करपतो. लोकरी पॅड, मिनिटाला १२०० ते १८०० फेरे, मशीन सतत हलतं, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट. काठ आणि कोपरे हाताने करा. तिथे जेलकोट पातळ असतो आणि मशीन क्षणात आरपार जातं. आमच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, अंगठ्याएवढा असा एक डाग आहे. तो माझ्याच हाताने झाला आणि रंगाखाली झाकला असला तरी मला अजून दिसतो.

पॅडवर निळा रंग यायला लागला की घाबरू नका, तो मेलेला थर निघतो आहे. चकाकी एकसारखी आली की थांबा. आणखी दोन फेऱ्या मारल्या तर आणखी चकाकेल असं वाटतं, तो मोह आवरा. सगळं झालं की पुन्हा धुवा आणि सांध्यांत अडकलेली पेस्ट जुन्या टूथब्रशने काढा. वॉटर पेपर ओला चालवत असलात तरी तोंडाला मास्क हवाच. हा भुगा छातीत गेलेला चांगला नाही.

आता निवड

बाजारात जे मिळतं ते तीन घराण्यांत बसतं.

पहिलं नैसर्गिक मेण, कार्नोबा मुख्य. लावायला सोपं, चूक झाली तरी पुसता येतं, चकाकीला एक ऊब असते. दोष एकच आणि आपल्याकडे तो मोठा आहे, उन्हात लवकर संपतं.

दुसरं पॉलिमर सीलंट. हे मेण नसतं, कृत्रिम रसायन असतं, जेलकोटला जास्त घट्ट चिकटतं आणि उष्णतेला दाद देत नाही. चकाकी थोडी थंड, काचेसारखी. लावून धुक्यासारखं दिसू लागलं की पुसायचं. दुसरा हात देण्याआधी डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा लागतो, इथे घाई नको.

तिसरं सिरॅमिक कोटिंग. सिलिकाचा कडक, अत्यंत पातळ थर. तिघांत सगळ्यात जास्त टिकतं आणि सगळ्यात जास्त नखरे यालाच. पृष्ठभाग पूर्ण तेलमुक्त हवा, म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचं. छोट्या छोट्या भागांत लावायचं आणि एक-दोन मिनिटांत एकसारखं करायचं, नाहीतर पट्टे तसेच जमतात आणि घासल्याशिवाय निघत नाहीत. नंतर किमान एक दिवस पाणी नको, दवसुद्धा नको. आणि खाली जे आहे तेच आत बंद होतं. चरे असतील तर चरे, धूसरपणा असेल तर धूसरपणा.

ऐकीव गोष्टींवर समाधान होईना म्हणून मी एका फेब्रुवारीत होडीच्या दक्षिणेकडच्या अंगावर, टेप लावून, एकेक फुटाचे चार चौकोन केले. चारही सारखे रबिंग केलेले. एक तसाच उघडा, एकावर कार्नोबा, एकावर पॉलिमर, एकावर सिरॅमिक. होडी त्या उन्हाळ्यात मुद्दाम झाकली नाही. दर पंधरा दिवसांनी चारही चौकोनांवर तांब्याने पाणी ओतायचं आणि काळं फडकं फिरवायचं. एप्रिल सरता सरता उघड्या चौकोनातून पावडर यायला लागली. कार्नोबावर एप्रिलच्या मध्यापर्यंत पाण्याचे मणी उभे राहिले, मग ते पसरट झाले आणि मेच्या शेवटी तो चौकोन उघड्यासारखाच झाला. पॉलिमरवरचे मणी मेमध्ये मोठे आणि आळशी झाले होते, पण जूनच्या पहिल्या पावसात पाणी अजून घसरत होतं आणि फडकं स्वच्छ आलं. सिरॅमिकवर मणी शेवटपर्यंत टपोरे राहिले. मात्र प्रत्येक मणी जिथे वाळला तिथे क्षाराचा एक बारीक गोल ठिपका उठला होता. जवळून बघितलं तर तो चौकोन देवी आल्यासारखा दिसत होता. जड पाण्याच्या गावात सिरॅमिकचा हा त्रास लक्षात घ्या, वारंवार टिपून घ्यायची तयारी असेल तरच ते शोभतं.

यावरून माझं मत असं बनलं आहे. काठावर उघडी राहणारी, मासेमारीची, रोज घासली जाणारी जुनी होडी असेल तर पॉलिमर सीलंट, फेब्रुवारीत दोन हात आणि दसऱ्याला एक. एवढ्यात रबिंगची गरज दोन-तीन वर्षं पुढे ढकलली जाते. शेडमध्ये राहणारी, रविवारी पाण्यात उतरणारी, जेलकोट अजून भरीव असलेली होडी असेल तर सिरॅमिक जरूर करा. कार्नोबा आवडत असेल तर ते सीलंटच्या वर लावा, खाली नको. मेणावर सीलंट धरत नाही.

आणि जिच्यावर पुढे दुरुस्ती किंवा रंगकाम करायचं आहे त्या होडीवर सिरॅमिक किंवा सिलिकॉनचं पॉलिश लावूच नका. नंतर रंग मारताना त्यात माशाच्या डोळ्यासारखी भोकं उठतात आणि पेंटर होडीला नावं ठेवतो.

पाण्याखाली राहणाऱ्या तळाला मेणाचा फारसा उपयोग नाही. महिनोन्‌महिने पाण्यातच उभ्या राहणाऱ्या होडीच्या तळाला बारीक फोड आले असतील तर तो वेगळा विषय आहे. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त जोराने जेलकोटच्या आत शिरतं, त्याला तळ पूर्ण वाळवून इपॉक्सीचे थर द्यावे लागतात. आणि पाय ठेवायच्या जागेवर, आतल्या फळीवर, काठावर चढताना पाऊल पडतं तिथे काहीही गुळगुळीत लावू नका. ओल्या मेणावरून घसरलेला माणूस सरळ पाण्यात जातो, आणि आपल्याकडे होडीत बसणाऱ्या सगळ्यांना पोहता येत नाही.

जेलकोट संपला असेल तर

मग दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. लांबी (पुट्टी) भरून, घासून, इपॉक्सी प्रायमर देऊन, वर दोन-तीन हात. नीट केलेला हा रंग कोणत्याही मेणापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ऊन सोसतो. साधा ऑइलपेंट स्वस्त पडतो, पण आपल्या उन्हात एक-दोन हंगामांत फिका पडतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्याने मारायचं असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, कापडी मास्क पुरत नाही. ब्रश आणि रोलरने, उघड्या हवेत, हातमोजे घालून केलं तर घरी होतं आणि फिनिशही चांगलं येतं. गडद रंगाचा हट्ट सोडून पांढरा किंवा फिका राखाडी निवडा. तापमानाचा फरक हाताला समजतो.

नंदुरबारच्या बाजूला उकाई धरणाचं पाणी आणि वर धडगाव-अक्कलकुव्याच्या काठाला नर्मदेचं पाणी पसरलं आहे. तिथे माणसं, धान्य, आजारी माणूस, सगळं होडीनेच जातं. अशा रोज धावणाऱ्या होडीचा जेलकोट गेला असेल तर मेणात वेळ घालवू नका, सरळ रंगाकडे वळा.

लाकडी नाव

सागाची जुनी नाव अजून कुणाकडे असेल तर तिला मेण नको. पाण्यात राहणाऱ्या लाकडावर ते टिकत नाही आणि नंतर दुसरं काही धरू देत नाही. व्हार्निश आणि तेल, निवड या दोघांत.

व्हार्निश दिसायला सुंदर. पण आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते की काठावरच्या नावेच्या फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि पाण्यात सोडल्यावर पुन्हा फुगतात. व्हार्निशचा कडक पापुद्रा या हालचालीबरोबर ताणला जातो आणि सांध्यावर फाटतो. मग तिथून पाणी आत जातं आणि पापुद्र्याखाली लाकूड काळं पडतं. म्हणून व्हार्निश वल्ह्यांना, बाकाला, वरच्या पट्टीला द्या. अतिनील किरणं अडवणारं बाहेरच्या कामाचं व्हार्निश घ्या. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ, मग बारीक पॉलिश पेपर मारत पाच-सहा हात. फळ्यांना मात्र जवसाचं तेल. रंगाच्या दुकानात ते डबल बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं. कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं.

सांधे आधी बघा. कापसाची पिळलेली वात बोथट पटाशीने सांध्यात बसवायची आणि वरून डांबर किंवा राळ. कापूस तर आपल्याच रानातला. वात ठासून भरू नका. नाव पाण्यात फुगते तेव्हा तिला जागा लागते, नाहीतर फळीच सरकते. मग तेल, पहिला हात टर्पेंटाइन मिसळून, पुढचे निव्वळ. प्रत्येक हातानंतर वीस-तीस मिनिटांनी जे जिरलं नाही ते पुसून घ्या. वर राहिलं तर चिकट होतं आणि त्यात धूळ बसते. तेल दसऱ्यानंतर द्या आणि होळीच्या आधी पुन्हा द्या. पावसाच्या तोंडावर दिलं तर ओल्या हवेत त्यावर काळी बुरशी धरते. उन्हाळ्यात नाव काठावर असेल तर तिच्यावर ओली गोणपाटं टाका, आत थोडं पाणी ठेवा, फळ्या आकसणार नाहीत.

जवसाच्या तेलाची एक गोष्ट कधीही विसरू नका. ते वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यात उष्णता निघते. तेलाने भिजलेल्या सुती चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात टाकला तर तो आतल्या आत तापत जाऊन काडी न लावता पेटतो. जिनिंगच्या गावांत राहणाऱ्यांना कापूस कसा पेटतो हे सांगायला नको, आणि आपल्या उन्हात तर धोका आणखी वाढतो. काम संपलं की चिंध्या लगेच पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा उघड्या जागी एकेक वेगळी पसरून कडक होईपर्यंत वाळू द्या.

पत्र्याच्या होडीबद्दल थोडक्यात: लोखंडी असेल तर गंज खरवडून प्रायमर आणि रंग, मेण नाही. अॅल्युमिनियम उघडं असेल तर त्याचा स्वतःचाच थर त्याला सांभाळतो, फक्त कॉस्टिक सोड्याने कधी धुवू नका.

लावल्यानंतर

मेण असो की सिरॅमिक, सावलीची बरोबरी कशालाच येत नाही. पण प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला चिकटवून बांधली तर आत वाफ कोंडते आणि पांढरे चट्टे उठतात. बांबूच्या दोन कमानी करून वीतभर अंतर ठेवा, दोन्ही टोकं उघडी सोडा. जाड सुती पाल असेल तर सगळ्यात उत्तम. बाभळीखाली ठेवाल तर डिंक पडतो आणि पक्ष्यांची विष्ठाही. दोन्ही त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढा.

महिन्यातून एकदा गाडीचा सौम्य शाम्पू आणि मऊ फडकं, एवढं धुणं पुरे. पुसायला आमच्याकडे आजोबांच्या धोतराचं कापड आहे, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की मायक्रोफायबर त्यापुढे राठ वाटतं. शेवटच्या बाकाच्या खालच्या बाजूला मी मार्करने तारीख, काय लावलं आणि किती हात दिले ते लिहून ठेवतो. पाण्याचे मणी कधी पसरट व्हायला लागले तो दिवसही तिथेच लिहितो. आता त्या फळीवर चार ओळी झाल्या आहेत आणि यंदा सीलंट कधी द्यायचं ते मी तिथे वाकून वाचतो.